‘डॉक्टर होणाऱ्याला सांगायचं काय?’

कोल्हापुरात मेडिकलच्या मुलामुलींच्या खाण्याच्या विकारांचा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले असते. ‘आमच्यात? पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यावर वाट्या रिचवणारी पोरं हाईत ती.’ दुसरे उत्तर जरा शिकलेल्या तोंडून येते: ‘डॉक्टर होणार ती. त्यांना आपण सांगायचं काय? त्यांना सगळं कळतं.’ तिसरे उत्तर एखादे प्राध्यापक देतात. हे आकडे परदेशी प्रश्नावल्यांतून निघतात, त्यांच्या हिशोबाने आपल्याकडची संकष्टी करणारी मुलगीसुद्धा आजारी ठरेल, असे त्यांचे म्हणणे. आणि हॉस्टेलमधली मुले स्वतः चौथे उत्तर देतात: ‘सर, खायला वेळच कुठं मिळतो?’

चारही उत्तरांच्या मुळाशी एकच मत आहे. हा आजार इथला नव्हे, आणि उद्या इथे आलाच तरी मेडिकलच्या मुलांपर्यंत पोचणार नाही. हे मत मला चूक वाटते, आणि त्यातला ‘त्यांना सगळं कळतं’ हा भाग तर घातक वाटतो. मात्र या पूर्वपक्षातला एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. त्याला बगल देऊन केलेले खंडन टिकणार नाही.

आधी आजार कोणते ते पाहू. अनोरेक्सिया नर्व्होसात माणूस खाणे इतके तोडतो की शरीर खंगते, आणि तरीही त्याला आणखी तोडावेसे वाटते. बुलिमियात ताबा सुटून भरमसाट खाल्ले जाते, आणि मग त्याची भरपाई म्हणून ओकणे, जुलाबाच्या गोळ्या, कडक उपास किंवा बेसुमार व्यायाम चालतो. बिंज ईटिंगमध्ये ताबा तसाच सुटतो, पण मागून भरपाई नसते. उरते ती शरम. यातला फक्त पहिला आजार बघणाऱ्याला दिसतो. बुलिमियाच्या रुग्णाचे वजन बहुतेकदा चारचौघांसारखेच असते, बिंज ईटिंगच्या रुग्णाला तर लोक ‘खाऊन-पिऊन सुखी’ म्हणतात. ‘आमच्या वर्गात कुणी हाडाचा सापळा दिसत नाही’ हा पुरावा म्हणून इथेच निकालात निघतो.

आता गावाचा मुद्दा. तो अभिमानातून येतो आणि अभिमान रास्त आहे. गंगावेशीत म्हशी आणून गिऱ्हाईकाच्या पुढ्यात धार काढून पेला भरून देणारे हे शहर. तालमीतल्या पोराच्या खुराकाची चौकशी इथे परीक्षेच्या मार्कांइतक्याच आस्थेने होते. पण युक्तिवाद म्हणून हा अभिमान उलटा पडतो. दुष्काळात माणूस खंगला तर त्याला आपण उपासमार म्हणतो. अनोरेक्सिया ओळखू येतो तो ताट भरलेले असते तिथेच. अन्न मुबलक असणे ही या आजाराची पूर्वअट आहे, त्याच्यावरचा उतारा नव्हे.

आणि मुबलक अन्नाबरोबर आपल्याकडे आग्रहही येतो. मटणाच्या पंगतीत ‘पुरे’ म्हणणाऱ्याचे ऐकतो कोण? जिच्या डोक्यात घासाघासाचा हिशोब चालू आहे अशा मुलीला या पंगतीत दोनच वाटा उरतात. वाढलेले सगळे खाऊन मग बाथरूम गाठायचे, नाहीतर उपास सांगायचा. उपासाला कोल्हापुरात कुणी कारण विचारत नाही. सोमवार, संकष्टी, एकादशी, अंबाबाईचा शुक्रवार, नवरात्राचे नऊ दिवस, जैन घरातली असेल तर दशलक्षण पर्व. आमच्या गावात खाण्याला जेवढा मान आहे तेवढाच न खाण्यालाही आहे, आणि आजाराला दोन्ही सोयीचे पडतात. श्रद्धेने उपास करणाऱ्या लाखो माणसांना काहीही झालेले नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. उपासाने आजार होतो असे मी म्हणत नाही. आजार उपासाच्या आडोशाला महिनोन्महिने बिनबोभाट राहू शकतो, एवढेच म्हणतो.

अशा खात्यापित्या समाजाची एक तपासणी झालेली आहे, आणि ती फार दूर झाली असली तरी कोल्हापूरकराने वाचावी अशी आहे. फिजी बेटांवर भरल्या अंगाचे कौतुक होते. आल्यागेल्याला जेवायचा आग्रह होता, आणि कुणी बारीक होऊ लागले तर घरच्यांनाच नव्हे, साऱ्या गावाला काळजी लागे. तिथल्या नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ-मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्याच सुमारास शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्याच्या वृत्तीच्या चाचणीत धोक्याच्या रेषेवर गेलेल्या मुली पहिल्या खेपेला १२.७ टक्के होत्या, दुसऱ्या खेपेला २९.२ टक्के. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकणाऱ्या मुली १९९५ मध्ये एकही नव्हत्या, तीन वर्षांनी त्या ११.३ टक्के झाल्या. जेवणाचा आग्रह तोच होता, पंगती त्याच होत्या. टीव्हीच्या एका पडद्याने तीन वर्षांत हे घडले असेल, तर आज प्रत्येक मुलाच्या उशाला असलेल्या मोबाइलच्या पडद्यापुढे पांढरा रस्सा आपले रक्षण करील हा विश्वास कशावर उभा आहे?

‘पाश्चात्त्य आजार’ हे बिरूदही इतिहासात पूर्ण टिकत नाही. नाव पाश्चात्त्य आहे हे खरे. विल्यम गल यांनी लंडनमध्ये आणि लासेग यांनी पॅरिसमध्ये १८७३ च्या सुमारास अनोरेक्सियाचे वर्णन पक्के केले. त्याआधी १६८९ मध्ये रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने क्षयासारखे खंगलेले, पण क्षय नसलेले दोन रुग्ण नोंदवले होते. त्यांतली एक मुलगी होती आणि दुसरा मुलगा. मुलगा होता हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अन्नावरची वासना उडण्याची कारणे सांगताना दोषांच्या बरोबरीने शोक, भय, अतिलोभ आणि क्रोध यांची नावे आहेत. चरकाने अनोरेक्सिया ओळखला होता असा दावा कुणी करू नये. वजनाची भीती त्या वर्णनात कुठेच नाही. पण मन बिघडले की जेवण बिघडते ही गोष्ट आपल्या वैद्यकाला परकी होती असेही म्हणता येत नाही.

आता तो वजनदार मुद्दा, प्रश्नावलीचा.

वैद्यकीय विद्यार्थ्यांबद्दल सर्वात जास्त सांगितला जाणारा आकडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणातला आहे. नऊ देशांतले १९ अभ्यास आणि ५,७२२ विद्यार्थी त्यात होते, आणि त्यातले सुमारे १०.४ टक्के धोक्याच्या गटात निघाले. दहातला एक. आकडा ऐकला की दचकायला होते, आणि तेवढ्यात आपले प्राध्यापक म्हणतात, ‘थांबा, मोजले कशाने ते बघा.’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे. अशा अभ्यासांत बहुतेक वेळा वापरली जाते ती सव्वीस प्रश्नांची ‘ईट-२६’ ही चाचणी. वीस किंवा अधिक गुण पडले की धोका. मुळात ती चाळणी आहे, निदान नव्हे. वीस गुण पडलेल्यांतल्या अनेकांना सविस्तर मुलाखतीत कोणताही विकार सापडत नाही.

शिवाय तिच्यातले प्रश्न पाहा. लोक मला खायचा आग्रह करतात असे वाटते का, असा एक प्रश्न आहे. कोल्हापुरात याला ‘नाही’ म्हणणारा माणूस शोधावा लागेल. खाण्याच्या बाबतीत मी संयम दाखवतो का, असा दुसरा. एकादशीला शेंगदाणेसुद्धा न खाणारी आजी इथे पूर्ण गुण मिळवील. हा फक्त तर्क नाही. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुलींना गुण तर पडले, पण काही प्रश्नांची उत्तरे त्यांनी धार्मिक उपास आणि घरचे रीतिरिवाज मनात धरून दिली होती. तेव्हा दहा टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा उचलून कोल्हापूरच्या दोनशे मुलांच्या वर्गावर चिकटवला आणि ‘वीस जण आजारी’ म्हटले तर ते शास्त्र होणार नाही. इथवर मी पूर्वपक्षाबरोबर आहे.

पण पूर्वपक्ष इथेच थांबतो, आणि पुरावा थांबत नाही. परदेशी मापपट्टी आपल्याकडे चुकीची पडते, हे मान्य केले की ती एकाच बाजूला चुकते असे धरून चालता येत नाही. जी चाळणी निरोग्याला आजारी म्हणते, ती आजाऱ्यालाही निरोगी म्हणत असेल. आणि ती तशी म्हणते. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९३ मध्ये अनोरेक्सियाच्या सत्तर चिनी रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या बऱ्याच जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगते, भूक नाही, अन्न जात नाही, अशी कारणे ते सांगत आणि खंगत जात. दिल्लीच्या एम्समधून १९९५ मध्ये खांडेलवाल आणि सहकाऱ्यांनी पाच तरुणींची हकिकत प्रसिद्ध केली. न खाणे, सततच्या उलट्या, वजनातली मोठी घट, बंद झालेली पाळी, सगळे होते. पण ‘मी जाड दिसते’ ही पाठ्यपुस्तकी तक्रार नव्हती. ज्या प्रश्नावलीचा निम्मा भर जाडीच्या भीतीवर आहे तिच्यात अशी मुलगी नापास होणार नाही, ती सहज निसटेल. आणि आपल्या गावात ती जाईल कुठे? ‘ॲसिडिटीचा त्रास आहे’ म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे. एंडोस्कोपी होईल, गोळ्या मिळतील, रिपोर्ट नॉर्मल येईल. सगळ्यांना हायसे वाटेल.

म्हणजे प्रश्नावलीच्या दोषातून ‘आपल्याकडे आजार नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष एवढाच निघतो की त्या चाचणीने आपल्याला तो नीट मोजता येत नाही, आणि मराठी मुलांच्या तोंडची कारणे ऐकून घेणारी मुलाखत लागेल.

आता ‘त्यांना सगळं कळतं’. यावर मला सर्वात जास्त बोलायचे आहे, कारण आईबाप, प्राध्यापक आणि खुद्द विद्यार्थी, तिघेही या एका वाक्यावर निर्धास्त असतात.

काय काय कळते ते पहिल्या वर्षापासून पाहू. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मुले स्वतःचेच बोट टोचून सालीच्या नळीत हिमोग्लोबिन मोजतात. टेबलाटेबलावर आकडे बोलले जातात. ‘नऊ?’ सर वहीवर सही करताना म्हणतात, ‘खात जा गं नीट.’ सगळे हसतात, तीही हसते, पुढची वही येते. नाडीच्या प्रात्यक्षिकात एखाद्याची नाडी पन्नाशीच्या आत लागते. ‘ॲथलीटचं हार्ट आहे लेका तुझं!’ उपाशी शरीर इंधन वाचवण्यासाठी हृदयाचा वेग उतरवते, हे त्याच पुस्तकात पुढच्या प्रकरणांत आहे. पण समोरच्या मित्राकडे पाहून ते कुणाला आठवत नाही. बायोकेमिस्ट्रीत लघवीतल्या कीटोनसाठी रोथेराची टेस्ट असते. जांभळे कडे दिसले की लिहायचे: मधुमेह किंवा उपासमार. तोंडी परीक्षेत ही दोन कारणे पोपटासारखी येतात. मग कम्युनिटी मेडिसिन येते. खेड्यातले कुटुंब दत्तक घ्यायचे, घरातल्या प्रत्येकाचे वजन-उंची घ्यायची, कालच्या दिवसात कोण काय जेवले ते विचारायचे आणि भाकरी, आमटी, तेल यांच्या कॅलऱ्या कोष्टकावरून मांडायच्या. हा हिशोब ज्याला जमला त्याला स्वतःच्या ताटाचा जमणार नाही असे कसे होईल?

बीएमआयचेच घ्या. जगभर २५ च्या पुढे जादा वजन धरतात. भारतीयांना पोटाभोवतीच्या चरबीने मधुमेह लवकर होतो म्हणून २००९ मध्ये आपल्या तज्ज्ञांनी ती रेषा २३ वर आणली. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्णय शहाणपणाचा होता. पण अठरा वर्षांची मुलगी, नीटच्या तयारीत दोन वर्षे खुर्चीला खिळलेली, पहिल्याच वर्षात सगळ्या बॅचसमोर वजनकाट्यावर उभी राहते आणि २३.६ हा आकडा ऐकते. काल ती सुदृढ होती, आज वहीत तिच्या नावापुढे ‘ओव्हरवेट’ असे लिहिले जाते, तेही तिच्याच हाताने. तिला झालेले ज्ञान खरे आहे. पण ते तिच्यापर्यंत वजनाच्या लाजेतून पोचले, आणि त्या वयात लाज ज्ञानाच्या पुढे धावते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात औषधशास्त्र शिकवले जाते. जुलाबाची औषधे, लघवी वाढवणारी औषधे, भूक कमी करणारी औषधे, त्यांची कामे आणि धोके. घरच्या माणसाला ज्या गोळीचे नावही उच्चारता येत नाही ती या मुलांना ओळखीची असते आणि मिळायलाही अवघड नसते. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारताच्या बाजारात आली. ज्यांना ती खरोखर हवीत त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण या औषधांची चर्चा सर्वात आधी आणि सर्वात सहजपणे कुठे होते? मेडिकलच्या कँटीनमध्येच.

शेवटच्या वर्षात मानसोपचाराचे प्रकरण येते. जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचे वर्णन केले तेव्हा हाताच्या बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे हीही खूण नोंदवली. पुन्हापुन्हा घशात बोटे घालताना वरचे दात सांध्यांवर घासतात, त्यांचे ते व्रण. त्याला रसेलची खूण म्हणतात, आणि एमसीक्यूमध्ये ती हमखास येते. परीक्षेच्या हॉलमध्ये या प्रश्नाला बरोबर पर्याय निवडणाऱ्या हाताकडेच पाहावे, असे कधी कुणाला वाटले आहे का? गालांच्या मागे सुजलेल्या लाळग्रंथी, आतल्या बाजूने झिजलेले दातांचे कवच, रक्तातले पोटॅशियम घसरल्याने चुकणारे हृदयाचे ठोके. हे सगळे ज्याला पाठ आहे तो स्वतःला रोज सांगत राहतो: माझे पोटॅशियम मी बघतो, मी मर्यादा ओळखतो, मी त्या थराला जाणार नाही. आजारी माणसाला ज्ञानाने दिलेली ही सर्वात वाईट गोष्ट आहे. सामान्य माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो. याला घाबरायची गरजच वाटत नाही. तो स्वतःच स्वतःचा डॉक्टर होऊन बसतो.

आणि ज्ञान इतरांना फसवायलाही पुरते. आई फोनवर ‘जेवलास का रे?’ विचारते तेव्हा उत्तर तयार असते. मैत्रीण विचारते तेव्हा ‘इंटरमिटंट फास्टिंग करतेय, इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी सुधारते’ असे शास्त्रशुद्ध वाक्य येते. दुसऱ्या कुणी म्हटले असते तर मैत्रिणीने हटकले असते. डॉक्टर होणाऱ्या मुलीने म्हटले की लोक तिचा डाएट प्लॅन लिहून घेतात.

धोका किती आहे तेही इथेच सांगतो. २०११ मध्ये आर्सेलस आणि सहकाऱ्यांनी ३६ अभ्यास एकत्र तपासले. अनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या जवळजवळ सहापट निघाला, आणि मरण पावलेल्यांतल्या पाचातल्या एकाने आत्महत्या केली होती. मानसिक आजारांत इतका मृत्युदर फार थोड्यांचा आहे. ‘पोरींचे नखरे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा ऐकून मग तो शब्द वापरावा.

मुलींचाच विषय निघाला म्हणून मॉर्टनचा तो मुलगा आठवावा. अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत अनोरेक्सिया आणि बुलिमियाच्या रुग्णांतले साधारण चौथाई पुरुष होते, बिंज ईटिंगमध्ये त्याहून अधिक. कुस्तीच्या गावाला हे नवे वाटू नये. मातीतल्या जंगी कुस्तीत जोड ठरते ती नजरेने आणि नावाने. मॅट आली आणि किलोंचे गट आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अवघ्या शंभर ग्रॅमसाठी विनेश फोगाट अंतिम लढतीबाहेर गेली, तेव्हा वजन उतरवण्याची ती रात्र काय असते याची चर्चा इथल्या तालमीतालमीत झाली. मेडिकलच्या हॉस्टेलवरचा मुलगा कुस्ती खेळत नसेल, पण तो जिमला जातो, भात टाकून चिकन आणि अंड्यांचा पांढरा भाग मोजून खातो. दंड अजून पुरेसे भरले नाहीत असे त्याला वाटते, आणि मित्राच्या लग्नाला तो जात नाही, कारण तिथे जेवावे लागेल. हॅरिसन पोप यांनी १९९३ मध्ये या प्रकाराचे वर्णन उलटा अनोरेक्सिया असे केले होते. याचे आपण कौतुक करतो, आणि म्हणून तो कुणाच्या यादीत येत नाही.

उरला वेळेचा मुद्दा. यात तथ्य आहे आणि कणवही वाटते. सकाळी पोस्टिंग, दुपारी लेक्चर, इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीची रात्र. मेसचे दार ठरल्या वेळी बंद. चहा, बिस्किट आणि टपरीवरचा वडा यांवर दिवस निघतो. हा विकार नाही, ही गैरसोय आहे, असे मुले म्हणतात. सुरुवातीला तसेच असते. पण उपाशी शरीर गैरसोय आणि विकार असा भेद करत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, मनाने खंबीर तरुणांना स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. ते आजारी नव्हते, त्यांना बारीक व्हायचे नव्हते. तरीही काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही राहिले नाही. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, ताटातले तुकडे तासन्‌तास चिवडू लागले, चिडू लागले, एकटे राहू लागले. काहींचा ताबा सुटून भरमसाट खाणे झाले आणि मागून अपराधी वाटणे. प्रयोग संपल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने ताळ्यावर आली नाही. म्हणजे विकाराची बरीचशी लक्षणे नुसत्या उपाशीपणातूनही उभी राहतात. दिवसभर काही न खाता रात्री बारा वाजता ऑनलाइन मागवून तिघांचे एकट्याने संपवणारा इंटर्न ‘वेळ मिळाला नाही’ म्हणतो. त्याचे कारण खरे आहे, पण त्या कारणाने सुरू झालेली गोष्ट आता त्याच्या हातात राहिलेली नाही.

मग मंडन काय? कोल्हापुरात उपाय बाहेरून आणावे लागतील असे मला वाटत नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून या शहराला वसतिगृहांचे शहर केले. खेड्यातून आलेल्या मुलाच्या शिक्षणात त्याच्या राहण्याजेवणाची जबाबदारीही येते, हे त्या बोर्डिंगांचे तत्त्व होते. कसबा बावड्यात १९८९ पासून डॉ. डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज आहे, आणि सीपीआर रुग्णालयाला जोडलेले राजर्षी शाहूंच्याच नावाचे शासकीय महाविद्यालय आहे. ड्युटीवरच्या मुलाला रात्री दोन वाजता गरम वरणभात मिळेल, ही व्यवस्था करण्यासाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही.

वजन घेणे बंद करू नका, पण बॅचसमोर घेऊ नका. प्रात्यक्षिकात हिमोग्लोबिन नऊ आले किंवा नाडी पन्नाशीच्या आत लागली तर वहीवर सही करून पुढे जाऊ नका. त्या मुलाला वर्ग सुटल्यावर थांबवा. वजनावरून होणारी चेष्टा, विशेषतः वरिष्ठांनी केलेली, शिकवण्याचा भाग म्हणून खपवून घेऊ नका. जॉन मॉर्गन यांची पाच साध्या प्रश्नांची ‘स्कॉफ’ चाचणी १९९९ पासून आहे. तिलाही वर सांगितलेली सगळी बंधने लागू आहेत, पण संभाषण सुरू करायला ती पुरते. आणि हे आजार बरे होतात, हे शिकवताना ठासून सांगा. बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये विचार-वर्तन पद्धतीची मानसोपचार चिकित्सा चांगली लागू पडते; किशोरवयीन अनोरेक्सियात घरच्यांना बरोबर घेऊन चालणारी पद्धत उपयोगी ठरते. फार खंगलेल्या रुग्णाला एकदम पोटभर खाऊ घालणे मात्र जिवावर बेतू शकते, रक्तातले फॉस्फेट कोसळते. तिथे आईच्या आग्रहापेक्षा वॉर्डची शिस्त हवी.

सर्वात कठीण गोष्ट आहे ती उपचाराला जाण्याची. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालासाठी पंचवीस हजारांवर पदवी विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली, आणि त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. उत्तरे स्वेच्छेने दिलेली, म्हणून आकडा ताणून धरू नये. पण निदान झालेल्यांचाच हा आकडा आहे. ज्यांनी दार ठोठावलेच नाही ते कुठे आहेत? स्वतःच्याच कॉलेजच्या ओपीडीत केसपेपर काढायचा म्हणजे तो खिडकीवरच्या ओळखीच्या माणसाच्या हातून जाणार, आत बसलेला रेसिडेंट पुढच्या महिन्यात आपल्याच युनिटला असणार आणि प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून त्याच विभागाचे सर येणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे २३ वे कलम गोपनीयतेचा हक्क देते. पण इतक्या लहान वर्तुळात कागदावरच्या हक्काने मुलगी त्या खिडकीपर्यंत जात नाही. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. ती पहिली पायरी आहे, पण वजन, पोटॅशियम आणि ईसीजी फोनवर बघता येत नाहीत.

ब्रिटनने २००८ मध्ये आजारी डॉक्टरांसाठी नेहमीच्या रुग्णालयाबाहेर गोपनीय सेवा सुरू केली ती याच अडचणीमुळे. आपल्याकडे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, तासा-दीड तासाच्या अंतरावर. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि मिरजेच्या विद्यार्थ्यांना कोल्हापूरच्या तज्ज्ञांनी तपासावे. केसपेपर त्या महाविद्यालयाच्या नेहमीच्या नोंदीपासून वेगळा ठेवावा, उपचारासाठी गेलेला अर्धा दिवस हजेरीत धरावा, आणि परत आल्यावर डीनच्या कार्यालयाने निदानाचे नाव विचारू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी पदे लागत नाहीत; दोन अधिष्ठात्यांच्या सह्यांचे एक पत्र लागते.